जुळत नाही, काढून टाका!

राजापेठेत कॉम्प्युटरवाला महाराज एकच, आणि तो म्हणजे मी, मोरोपंत! बाकीचे अजून भिंतीवरचं कॅलेंडर चाळून राहिले, आणि माझ्या पूजा, मुंजी, वास्तुशांती सगळं ईमेलच्या प्रोग्रॅममधल्या कॅलेंडरात! यजमानाचा ईमेल आला की तिथल्या तिथं तारीख नोंदवायची. तिथी, नक्षत्र आपोआप हजर! ही सगळी करामत एका ॲड-ऑनची, म्हणजे वरून बसवलेल्या जोडभागाची. तो माझ्या पुतणीनं, स्वरालीनं बसवून दिला. ती अकोल्याला कॉम्प्युटरच्याच नोकरीत आहे. बजावून गेली होती, "काका, अपडेट आलं तर मला विचारल्याशिवाय दाबू नका." मी काय कुक्कुलं बाळ आहे? दाबलं!

आणि नेमके त्याच सकाळी अंजनगाव सुर्जीहून नत्थुजी आले. त्यांच्या मुलीचं, रागिणीचं, अकोल्याच्या नितेशशी जमून राहिलं होतं. दोघं एकाच कॉलेजातले, दोन्ही घरं राजी, गाडं अडलं होतं ते फक्त पत्रिकेपाशी. पत्रिका त्यांनी आधीच पाठवल्या होत्या आणि मी पाहूनही ठेवल्या होत्या. झकास जुळत होत्या! पण आल्या आल्या सांगून टाकलं तर महाराजाची किंमत काय राहते? म्हटलं, मुहूर्तही काढू आणि दोन्ही एकदम थाटात सांगू.

"बसा नत्थुजी, चहा घ्या. आत कॉम्प्युटरवर पाहून येतो."

"पाहा महाराज. पोट्टीचा जीव टांगणीले लागून हाय," नत्थुजी म्हणाले.

आत जाऊन प्रोग्रॅम उघडतो तर काय, कॅलेंडरच गायब! ना तिथी, ना नोंदी! पडद्यावर लाल अक्षरात एकच ओळ: हे ॲड-ऑन या आवृत्तीशी जुळत नाही. मला दरदरून घाम फुटला. अख्ख्या लगीनसराईच्या तारखा त्यात होत्या हो! स्वरालीला फोन लावला. अकोला पडलं लांब, म्हणून मी फोनवर जरा मोठ्यानं बोलतो. आमची प्रमोदिनी म्हणते, तुम्ही फोन न लावताही अकोल्यात ऐकू जाईल.

"स्वराली, जुळत नाही गं!"

"काय जुळत नाही, काका?"

"अजिबातच जुळत नाही! साफ लाल आलंय!"

"अपडेट दाबलं ना? तरी मी सांगितलं होतं!"

"आता ते सोड! जबरदस्तीनं जुळवलं तर?"

"नको, नको! सगळंच बंद पडेल. जुनं काढून टाका."

"काढून टाकू? कायमचं?"

"हो. आणि दुसरं बसवा, नवीन."

"बरं बाई! याचं काही खरं नाही. हे काढून टाकतो आणि दुसरं पाहतो!"

काढलं. दुसरं बसवलं. प्रोग्रॅम बंद करून चालू केला आणि काय सांगू, सगळं जागच्या जागी! नोंदी कुठं गेल्याच नव्हत्या, ॲड-ऑनवाचून नुसत्या दिसत नव्हत्या. झक्कास मुहूर्त काढला आणि छाती फुगवून बाहेर आलो. "घ्या नत्थुजी!"

खुर्ची रिकामी! चहावर साय धरलेली! प्रमोदिनी दारात उभी.

"अहो, काय बोललात त्यांना? डोळे पुसत गेले बिचारे! म्हणे, वहिनी, महाराज आतमंदी दुसरं पाहाले सांगून राहिले."

अरे बाप्पा! एका अपडेटपायी त्या पोरीचं लग्न मी मोडलं होतं! तसाच धोतरावर स्कूटर काढली. राजापेठेत नेमक्या तेव्हाच शिकवण्या सुटलेल्या! पोरांच्या गाड्यांमधून वाट काढत, शिव्या खात, बसस्टँड गाठलं. अंजनगावची बस सुटायलाच आली होती. चढलो आणि ओरडलो, "नत्थुजी, जुळते हो!"

अख्खी बस माझ्याकडे पाहायला लागली.

"पत्रिका जुळते! जुळत नव्हतं ते माझं कॅलेंडर!"

"मंग दुसरं पाहतो म्हणे ते?"

"ते दुसरं ॲड-ऑन!"

"ते कोन्या गावचं?"

कंडक्टर म्हणाला, "काका, तिकीट काढता का उतरता?" पण मी हललो नाही. सगळं समजावून सांगितलं. नत्थुजींनी माझे दोन्ही हात धरले. "खरंच जुळते?"

"उत्तम जुळते! माझ्या गळ्याची शपथ!"

"हुश्श! मनात पाल चुकचुकत होती महाराज, ते गेली." माझाही जीव भांड्यात पडला. खरं सांगतो, देवळात इतकं हलकं वाटत नाही!

"आता आधी रागिणीला फोन लावा. रडून रडून बेजार झाली असेल लेक."

"रडते कायची! म्या तिले फोन केला, म्हटलं, महाराज म्हणते जुळत नाही. तं पोट्टी म्हणे, बाबा, मंग महाराज बदला, नवरदेव मी बदलत नाही!"

बसभर हशा! मीही हसलो. मग जरा घसा साफ करून विचारलं, "मग? काय केलं?"

"बदलला ना! तिनं नितेशले फोन केला, अन् नितेशच्या बापानं त्यायच्याच महाराजाले सांगून टाकलं. आता शब्द देल्ला, फिरवता येत नाही. पन तुमी नक्की या, महाराज!"

घरी आलो तर प्रमोदिनी वाटच पाहत होती. "जमलं का हो पोरीचं?"

"जमलं म्हणजे काय! तारीख कॅलेंडरात टाकतोय."

"चला, सुटलो बाई! लग्न लावायला तुम्हीच ना?"

"नाही," मी म्हणालो. "जेवायला."