मागच्या बंपरची पिवळी पट्टी

घेवड्याच्या उसळीत मक्याची भाकरी कुस्करता कुस्करता व्हर्लिन स्टॅमीनं ठरवलं, की आपण शर्यतीचा ड्रायव्हर व्हायचं. (मोठे निर्णय तोंडात घास असताना घेऊ नयेत. घास गिळला जातो, निर्णय बाहेर पडतो.)

व्हर्लिन गाद्यांच्या दुकानात कारकून. आमच्या डोंगराखाली तांबड्या मातीचं रिंगण आहे, तिथं दर शनिवारी साध्या घरगुती गाड्या आतून सोलून पळवतात. व्हर्लिन वर्षानुवर्षं लाकडी फळीवर बसून शेंगा फोडायचा आणि प्रत्येक वळणाला म्हणायचा, "हे मी असं घेतलं नसतं."

"तू घेतलंच नसतंस," बायको म्हणाली. ओलीटा तिचं नाव. शाळेच्या स्वयंपाकघरात कामाला. "रस्त्यात कोंबडी दिसली तरी तू गाडी थांबवून तिला आधी जाऊ देतोस."

"बघशील तू."

"बघतेच आहे. लग्न झाल्यापासून बघते आहे."

झालं. माणूस पेटायला एवढं पुरतं.

शेजारी मिस्टर हॉइट राहायचे. तरुणपणी त्यांनी पुष्कळ शर्यती मारल्या होत्या, आता एक गुडघा वाकत नव्हता. व्हर्लिन त्यांच्या ओसरीवर जाऊन बसला.

"हे बघ पोरा," मिस्टर हॉइट म्हणाले, "आधी एक उन्हाळा दुसऱ्याच्या गाडीची चाकं बदल. चिखल धू. मग शर्यत सोडून चाललेल्या कुणाची तयार गाडी घे. आणि घरात जी रोज लागते त्या गाडीला हात लावू नकोस."

"सगळ्यात खालच्या वर्गात कुठलीही जुनी गाडी चालते म्हणे?"

"चालते. पण मी काय सांगितलं?"

"कुठलीही जुनी गाडी चालते."

मिस्टर हॉइटनी तंबाखू थुंकली आणि वाद सोडून दिला.

आता घरात गाड्या दोन. एक व्हर्लिनचा ट्रक. पण शर्यतीची गाडी ओढून न्यायला ट्रक लागतो, म्हणजे तो वगळला. दुसरी ओलीटाची, तिच्या मेलेल्या बापाची लांबलचक जुनी गाडी. (त्या गाडीच्या डिकीतून बापानं डोंगरवाटांनी रात्रीबेरात्री काय वाहिलं ते देवाला ठाऊक. चोरटी दारू पकडायला टपलेल्या शेरीफलाही ठाऊक होतं, पण त्याला बाप कधी सापडला नाही.) त्याच वाटांवर बापानं पोरीला गाडी शिकवली. तो गेल्यावरही मागच्या सीटला त्याच्या पाइपचा वास होता. ओलीटा कधी कधी नुसतीच मागे जाऊन बसायची, दार लावून.

ओलीटाच्या बहिणीचं पित्ताच्या खड्यांचं ऑपरेशन निघालं. मेव्हणा येऊन ओलीटाला घेऊन गेला, गाडी घरीच राहिली. आठवडाभरात व्हर्लिननं काम उरकलं. माणूस एरवी नळाची गळती वर्षभर काढत नाही, पण दुसऱ्याचं मोडायला बसला की हाताला काय वेग येतो!

ओलीटा गुरुवारी परतली. अंगणात उभी राहिली. गाडीभोवती एक फेरी मारली.

"काचा?"

"काढल्या. नियम आहे."

"दार उघडत नाहीये."

"चारही वेल्ड केलीत. नियमच आहे. ड्रायव्हरनं खिडकीतून आत शिरायचं."

"आणि सीटा, व्हर्लिन?"

"त्या गं... कशाबशा उचकटून निघाल्या. भंगारवाल्यानं तशाच जाळल्या. जुनाट वास मारत होत्या नाहीतरी." हे बोलल्यावर त्याला कळलं, की आपण काय बोललो. म्हणून त्यानं घाईनं भर घातली, "सोमवारी सगळं होतं तसं करून देतो. फक्त हा एक शनिवार!"

"जाळलेलंही होतं तसं करशील?"

व्हर्लिननं डोकं खाजवलं. ओलीटा घरात गेली आणि तिनं त्याच्यापुढे गार भाकरी आदळली.

शुक्रवारी सकाळी तिला कामावर जायचं होतं. ट्रकच्या दोन चाकांतली हवा व्हर्लिननं शर्यतीच्या गाडीच्या चाकांत भरायला काढून घेतलेली. मग ओलीटानं घागरा गुडघ्यापर्यंत खोचला, एप्रन दातांत धरला आणि खिडकीतून आत उडी घेतली. दोन्ही अंगांवर हातभर आकडा रंगवलेली ती गाडी कर्कश आवाज करत गावातून गेली. समोर काच नाही, सगळ्या डोंगरातले किडे तोंडावर. शाळेपुढे पोरं शिट्ट्या मारू लागली. ती परत तशीच खिडकीतून बाहेर आली, केस झटकले, आणि दोनशे पोरांचे बटाटे सोलायला गेली. रडली ती कांदे चिरताना. ते हिशेबात धरत नाहीत.

शनिवार उजाडला. रिंगणात नवीन ड्रायव्हरच्या मागच्या बंपरवर पिवळी पट्टी चिकटवतात. म्हणजे मागून येणाऱ्यानं समजावं, की पुढे शिकाऊ आहे, जरा जपून. व्हर्लिनला पट्टी मिळाली. शर्यतीआधीची प्रार्थना झाली. मग खिडकीतून शिरताना तो पोटाशी अडकला. मिस्टर हॉइटनी त्याला मागून ढकललं.

"श्वास सोड!"

"सोडला!"

"मग कालचं जेवण सोड!"

फळ्यांवरचे लोक पैसे वसूल झाले म्हणून टाळ्या पिटत होते.

नवीन माणसानं रांगेत शेवटी उभं राहायचं असतं. व्हर्लिन राहिला. शर्यत सुटल्यावरही त्यानं ती जागा सोडली नाही. निळा झेंडा दाखवला की वेगवान गाडीला वाट द्यायची, हे त्याला पाठ होतं. त्यानं सगळ्यांना वाट दिली. वाट देताना हात बाहेर काढून माफीही मागितली. एका उलटलेल्या गाडीकडे रुग्णवाहिका निघाली, तिनंही त्याला मागं टाकलं. शेवटी तो गोल फिरून फिरून घेरी आल्यासारखा मधल्या चिखलात रुतला. खाली उतरला तो थेट उलटी करायला.

दर शनिवारी शेवटची शर्यत बायकांची. नवऱ्यांच्या गाड्या बायकांनी चालवायच्या, लोकांनी हसायचं, आणि जिंकणारीला एक फुलदाणी. इतकी वर्षं ओलीटा त्यात उतरली नव्हती. त्या दिवशी मात्र ती फळीवरून उठली. गाडी चिखलातून ओढून काढल्यावर तिनं घागरा खोचला आणि एका उडीत आत.

"अगं, जपून हं!" व्हर्लिन ओरडला. "क्लच जरा..."

"तो माझ्या बापाचा क्लच आहे."

मग जे झालं ते लोक अजून सांगतात. पहिल्या वळणाला तिनं तिघींना मागं टाकलं, दुसऱ्याला उरलेल्यांना. गाडी आडवी घसरत जायची आणि ती आत बसून शांत, जणू दुधाची साय काढतेय. बापाच्या मागे शेरीफ असायचा, हिच्या मागे कोण होतं ते व्हर्लिनला कळलं नाही. जिंकली. लोक उभे राहिले. व्हर्लिन हात वर करून सगळ्यांना सांगत सुटला, "गाडी मी बनवलीय! मी!"

ओलीटा फुलदाणी घ्यायला थांबलीच नाही. विजयाची फेरी मारता मारता मागच्या फाटकातून बाहेर पडली, डांबरी रस्त्याला लागली, आणि दिसेनाशी झाली. बहिणीच्या गावाला.

"येईल की," व्हर्लिन म्हणाला.

"येईल," मिस्टर हॉइट म्हणाले. "पुढच्या शनिवारी. रिंगणात."

तशीच झाली गोष्ट. ती दर शनिवारी आली, पुरुषांच्या शर्यतीत रांगेत शेवटी उभी राहिली आणि पुढं निघाली. घरी आली नाही. व्हर्लिन चाकं बदलायचा, चिखल धुवायचा. मिस्टर हॉइटनी सांगितलं होतं तशीच त्याची सुरुवात झाली म्हणायची, फक्त थोडी उलट्या बाजूनं. ती त्याच्याशी बोलायची टायरपुरतं.

"हवा?"

"भरली."

"डावा?"

"बदलला. ओलीटा, घरी..."

"उजवा?"

असे काही शनिवार गेल्यावर पंचांनी सांगितलं, बाई आता शिकाऊ राहिल्या नाहीत, काढा ती पट्टी. ओलीटानं बंपरवरची पिवळी पट्टी सोलून काढली. व्हर्लिन चाकाशी वाकलेला होता. तिनं त्याच्या पाठीवर हात ठेवला, जरा दाबला, आणि निघून गेली.

व्हर्लिनच्या डोळ्यांत पाणी आलं. किती दिवसांनी पाठीवर हात! तो तसाच वाण्याकडे जाऊन कॉफी घेऊन आला. शर्ट बदलवेना. तोच घालून झोपला, आणि रविवारी तोच घालून चर्चला पहिल्या बाकावर जाऊन बसला, तिच्यासाठी प्रार्थना करायला. मागे सगळं गाव बसलं होतं. कुणी काही बोललं नाही.

पाठीवर काय चिकटलंय ते सांगायला घरात माणूस असावं लागतं.