रुपरावांच्या निंबाखालचं अँथुरियम

"तुमची झाडं उन्हानं मेली तं मले सांगू नका भाऊ," रुखमाबाई भिंतीपलीकडून म्हणाली. "पण माह्या कुरड्या सावलीत आंबल्या, तं तुमच्याच दारात आणून टाकीन."

खानझोडे हातात झारी घेऊन उभे होते. भिंतीपलीकडे रुखमाबाईचा नवरा रुपराव कुऱ्हाडीला धार लावत बसला होता. सकाळचे सात वाजले होते आणि कुऱ्हाड कोणासाठी आहे, हे विचारायची गरज नव्हती.

त्याचं असं होतं. धरमपेठेतल्या त्या घरामागचं अंगण मधुसूदन खानझोड्यांचं, पण अंगणावरची सावली रुपरावची. रुपरावची शेती गावी, मौद्याकडे. पोरांच्या शाळेसाठी त्याने शेजारचं घर घेतलं, आणि घरासोबत ऐन भिंतीला लागून उभं असलेलं कडुनिंबाचं झाड त्याला मिळालं. अर्धी सावली तिकडे, अर्धी इकडे. या इकडच्या अर्ध्या सावलीच्या भरवशावर खानझोड्यांनी कोकणात आणि केरळात वाढणारी झाडं लावली होती. नेचे होते, भोकाभोकांच्या पानांचा मॉन्स्टेरा होता, आणि सगळ्यांत मधोमध, ओल्या पोत्याच्या आडोशाला, मेणासारख्या लाल फुलाचं अँथुरियम. नागपूरच्या एप्रिलात जिथे धडधाकट माणसं मान टाकतात, तिथे हा गृहस्थ तीन वर्षं एक अँथुरियम जगवत होता. बरं, जगवायचं तर गुपचूप जगवावं. ते त्यांनी कचेरीत सांगून ठेवलं होतं.

कचेरीतले हेडक्लार्क अनंतराव गुलाबवाले. दर थंडीत त्यांच्या गुलाबांना बक्षीस. "नागपुरात ऊन फुकट मिळतं, तर ऊन खाणारं झाड लावावं," असं ते सांगत. अँथुरियमचं नाव काढलं की मंद हसत. त्यांचं हसणं साऱ्या कचेरीला लागलं. कोणाची फाईल अडली की लोक म्हणत, "येऊन राहिली, खानझोड्यांच्या अँथुरियमसारखी." पगारवाढ, बढती, चहा, सगळं त्या अँथुरियमच्या चालीने येऊ लागलं. तीन वर्षं खानझोड्यांनी हे ऐकलं. आणि आता, देवाच्या कृपेने, झाडाला कळी धरली होती. ती उमलेपर्यंत तरी सावली हवी होती.

"वहिनी, आठ-दहा दिवस थांबा ना," खानझोडे म्हणाले.

"दहा दिवसांनी ऊन काय माह्यासाठी थांबून राहीन? अन् त्या निंबाचा फुलोरा पडून राहिला कुरड्यांवर. चिकात कडू फूल गेलं तं कोण खाईन?"

"मग आमच्या गच्चीवर घाला तुमचं वाळवण. दिवसभर ऊन आहे तिथे. झाडाला मात्र हात लावू नका."

हे वाक्य खानझोड्यांनी स्वतःच्या तोंडाने, पूर्ण शुद्धीत उच्चारलं. त्यांच्यावर कोणी जबरदस्ती केली नव्हती. रुपरावने कुऱ्हाड बाजूला ठेवली, आणि सैपाकघरात खानझोड्यांची बायको चारुशीला हिने कपाळावर हात मारून घेतला, कारण गच्चीचा जिना तिच्या सैपाकघरातून जात होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी साडेपाचला रुखमाबाई गव्हाच्या चिकाचं पातेलं घेऊन दारात उभी. तिसऱ्या दिवशी तिच्यासोबत समोरच्या शोभाताई आल्या, कारण एकटीच्या कुरड्यांनी एवढी मोठी गच्ची भरत नव्हती, आणि रिकामी गच्ची पाहणं कोणत्याही बाईला सहन होत नाही. चौथ्या दिवशी शोभाताईंच्या दोन नणंदा. मग मुगाच्या वड्या आल्या, शेवया आल्या, आणि पाठोपाठ मौद्याहून पोतंभर लाल मिरच्या आल्या. मिरच्या पसरल्या त्या दिवशी वारा गच्चीवरून खाली वाहत होता. खानझोडे झाडांना पाणी घालत अकरा वेळा शिंकले. बाराव्या शिंकेला झारी हातातून सुटली.

वाळवण म्हटलं की राखण आली. कावळे, खारी, माकडं, सगळ्यांचं लक्ष गच्चीवर. पण राखणारी माणसं काही उन्हात बसणार नाहीत. ती सावलीत बसणार. आणि साऱ्या गल्लीत खरी गार सावली एकच, ती खानझोड्यांच्या नेच्यांपाशी. रुपरावची म्हातारी आई जयवंता तिथे आपली बाज घेऊन आली. सत्तरी उलटलेली, पण आवाज असा की गच्चीवरचा कावळा खालून हाक मारली तरी उडावा. तिने पहिल्याच दिवशी मॉन्स्टेराचं एक मोठं पान तोडून वारा घ्यायला सुरुवात केली.

"आजी, ते पान तोडू नका," खानझोडे कळवळून म्हणाले.

"त्याले भोकं पडेल हायेत गा. कीड लागेल हाय. मी कामाचं केलं."

"त्याला भोकंच असतात."

"मंग काहून लावलं?" जयवंतेने विचारलं आणि त्याच पानाने वारा घेत राहिली.

संध्याकाळी त्यांनी चारुशीलेपुढे गाऱ्हाणं मांडलं. घरात चालायला जागा नाही, बागेत उभं राहायला जागा नाही, झाडांचं पाणी बायकांच्या हातपाय धुण्यात चाललं.

"बोलावलं कोणी?" चारुशीला म्हणाली. "तुमच्या एका कळीपायी माझ्या सैपाकघराचं बसस्टँड करून ठेवलं. अन् मला सांगा, माझ्या कुरड्या मी कुठे घालू? गच्चीवर वीतभर जागा नाही. माझ्याच गच्चीवर मला जागा नाही."

"मी पाहतो काहीतरी," खानझोडे म्हणाले. त्यांचं लक्ष कळीकडे होतं. कळी चांगली बोटभर झाली होती आणि तिच्या शेंड्याला लाली दिसत होती.

गुरुवारी त्यांना राहवलं नाही. कचेरीत सगळ्यांसमोर त्यांनी सांगून टाकलं, "रविवारी अँथुरियम उमलतं. ज्याला पाहायचं त्याने यावं."

कचेरी हसली. अनंतराव मात्र हसले नाहीत. "मी येतो," ते म्हणाले. "रविवारी नऊला. झाडावर उमललेलं या डोळ्यांनी पाहिलं, तर सोमवारी सगळ्यांसमोर तुमची माफी मागतो. नाहीतर या कचेरीत तुम्ही झाडांविषयी पुन्हा बोलायचं नाही. कबूल?"

"कबूल," खानझोडे म्हणाले.

शनिवारी दुपारी ते घरी आले, मागचं दार उघडलं आणि डोळ्यांपुढे अंधारी आली, कारण अंगणात लख्ख ऊन पडलं होतं. निंबाच्या इकडच्या दोन्ही फांद्या नव्हत्या. फांद्यांच्या जागी आभाळ होतं. अंगणात चार जुनी लुगडी अंथरली होती आणि त्यांवर कुरड्यांच्या रांगा होत्या.

"रुपराव," खानझोडे भिंतीपाशी जाऊन म्हणाले. "आपलं बोलणं झालं होतं ना? तुमचं वाळवण आमच्या गच्चीवर, आणि झाड तसंच राहणार."

"माह्या वाळवणाचं मी बोललो व्हतो भाऊ, अन् शब्द पाळला," रुपराव आपल्या बाजूच्या गार सावलीत बाजेवर पडल्या पडल्या म्हणाला. "ह्या कुरड्या तुमच्या घरच्या हायेत. वहिनीनंच सांगतलं, आमच्या बाजूच्या फांद्या पाडून द्या म्हणून. मी म्हटलं, साहेबाले विचारलं काय? तं म्हणे, साहेब म्हणाले ना, पाहतो म्हणून."

खानझोडे बायकोकडे वळले. चारुशीला हाताला लागलेला चिक पुसत शांतपणे म्हणाली, "ओरडू नका. तुमचं झाड मी उन्हात नाही ठेवलं. बाथरूममध्ये आहे. तिथे गार आहे, ओल आहे, वरच्या झरोक्यातून उजेड येतो. तुमच्या त्या केरळात याहून वेगळं काय असतं?"

खानझोडे झाडं पाहत फिरले. बाकीची झाडं भिंतीला लावून पोत्यांखाली झाकली होती. अँथुरियम बाथरूममध्ये पाण्याच्या टाकीशेजारी खरोखर खुशाल होतं.

आणि रविवारी सकाळी ते उमललं. तळहाताएवढं, लालभडक, तुळतुळीत. खानझोडे बाथरूमच्या ओल्या फरशीवर उकिडवे बसून पाव तास नुसते पाहत राहिले. तीन वर्षांचं हसणं, फाईली, बढती, चहा, सगळं त्यांनी त्या पाव तासात माफ करून टाकलं. साडेआठला ते अनंतरावांना आणायला चौकात गेले, कारण त्यांची गल्ली नव्या माणसाला सापडत नसे.

इकडे जयवंता सकाळपासून गच्चीवर मिरच्या निवडत होती. अंगभर मिरचीची धूळ, डोळ्यांची आग आग. "घरी कशाला जाता आजी, इथेच आंघोळ करून घ्या," चारुशीला म्हणाली. यात तिचं काय चुकलं, सांगा. कोणीही म्हणालं असतं. जयवंतेची एवढीच एक रीत होती की आंघोळ झाल्यावर देवाला फूल वाहिल्याशिवाय ती तोंडात पाण्याचा थेंब घेत नसे.

नऊला खानझोडे अनंतरावांना घेऊन आले. "जरा वेगळ्या जागी ठेवलंय," असं म्हणत त्यांनी बाथरूमचं दार उघडलं. कुंडी होती. पानं होती. पानांमधून एक हिरवी दांडी वर आली होती आणि वर काही नव्हतं.

अनंतरावांनी चष्मा पुसून दांडीकडे पाहिलं. "ही दांडी आहे," ते म्हणाले.

देवघरातून जयवंतेचं पुटपुटणं ऐकू येत होतं. खानझोडे तिकडे धावले. मागून अनंतराव आले. देव्हाऱ्यात गणपतीच्या डोक्यावर, मूर्ती जवळजवळ झाकून, लालभडक अँथुरियम चमकत होतं.

"हे पाहा," खानझोडे धापा टाकत म्हणाले. "हेच ते. आत्ता अर्ध्या तासापूर्वी झाडावर होतं."

अनंतराव उंबऱ्याशी थांबले. बराच वेळ फुलाकडे पाहिलं, मग खानझोड्यांकडे पाहिलं आणि त्यांचा चेहरा दुःखी झाला. "खानझोडे, हे प्लॅस्टिकचं आहे."

"अहो, हात लावून पाहा."

"चौकात तुमची वाट पाहता पाहता पान खाल्लं मी. उष्ट्या तोंडाने देवाच्या फुलाला हात लावू?"

"मग मी काढून देतो." खानझोड्यांनी हात पुढे केला, तोच जयवंतेने त्यावर चापट मारली.

"वाहेल फूल काढत नाई गा. संध्याकाळी निर्माल्य झालं का काढजो."

"ठीक आहे," खानझोडे घायकुतीला येऊन म्हणाले. "अनंतराव, संध्याकाळपर्यंत थांबा. जेवायलाच थांबा. संध्याकाळी हातात घेऊन पाहा."

"संध्याकाळी ते असंच दिसेल ना?"

"अगदी असंच. हे फूल तोडल्यावरही पंधरा-पंधरा दिवस टिकतं."

"तेच म्हणून राहिलो मी," अनंतराव हळू आवाजात म्हणाले. "खरं फूल या उन्हात बाराच्या आत मान टाकतं. वीस वर्षं गुलाब वाढवले मी, मला फूल कळतं. तुमच्या झाडाला फूल आलं नाही, तर नाही आलं. त्यात लाज कशाची? पण माणसाने त्यापायी देवाला तरी फसवू नये. कचेरीत मी काही बोलणार नाही. तुम्हीही बोलू नका."

चारुशीलेने तळलेल्या कुरड्यांची बशी पुढे केली. अनंतरावांनी दोन खाल्ल्या, छान झाल्यात म्हणाले, जाताना खानझोड्यांच्या खांद्यावर हात ठेवला आणि अंगणातलं ऊन पाहून थबकले. "इथे गुलाब लावा," ते म्हणाले. "मी कलमं देतो."

ते गेल्यावर खानझोडे देवघराच्या उंबऱ्यावर बसून राहिले. जयवंता पाण्याचा पेला रिता करून बाहेर आली.

"काय म्हणे गा तो पाव्हणा?"

"म्हणे फूल प्लॅस्टिकचं आहे."

"त्याले डोये नाईत काय?" जयवंता चिडून म्हणाली. "म्या माह्या हातानं तोडलं. कसं कचकन तुटलं. चीक लागला बोटाले. असं कसं प्लाष्टिक म्हणते तो? मले घेऊन चाल त्याच्या हापिसात. साऱ्याइच्या समोर सांगीन."

खानझोड्यांनी मान वर केली. गेल्या पंधरा दिवसांत पहिल्यांदाच त्यांनी म्हातारीकडे नीट निरखून पाहिलं.

"आजी," त्यांनी विचारलं, "सोमवारी साडेदहाला तुम्ही मोकळ्या आहात का?"