वानखडे सर आणि चाँदभाईंचं कबुतर

वानखडे सर कुणालाही वाढदिवसाच्या शुभेच्छा देत नाहीत. "पुरावा काय?" असं विचारतात. स्वतःच्या जन्मतारखेवरही त्यांचा भरवसा नाही. "मास्तरनं अर्ध्या वर्गाले एक जून वाटून देल्ली. सारे एकाच दिवशी जन्मले का बे?"

सर अकोल्याच्या कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवतात आणि कापसाच्या बंद जिनिंग कारखान्यातल्या रानटी पारव्यांची वयं शोधतात. पारवा एकदा मोठा झाला की दोन वर्षांचा आणि दहा वर्षांचा सारखाच दिसतो. पण वयासोबत त्याच्या डीएनएवरच्या रासायनिक खुणा बदलतात आणि रक्ताच्या थेंबातून त्या वाचता येतात. त्यासाठी आधी वय ठाऊक असलेल्या पाखरांवरून मोजपट्टी बनवावी लागते. म्हणून सर पाळीव कबुतरांच्या मागे.

मी त्यांचा विद्यार्थी, तेव्हा कापसाच्या भावासाठी पत्रकं वाटत फिरायचो. सर त्यावर लाल शाईनं "पुरावा काय?" लिहून परत करायचे. राग यायचा, पण पुढचं पत्रक मी दोनदा तपासायचो.

चाँदभाई त्याच जिनिंगमध्ये कामाला होते. ते बंद पडलं आणि मुलगा सलीम सुरतेला गेला. मागे त्यानं वाढवलेलं एक कबुतर राहिलं. "बारा साल का है, सर. सलीमनं हातानं दाने चारले त्याले," चाँदभाई सांगत.

सरांनी घेतलेल्या त्याच्या रक्ताचा निकाल आला तेव्हा सर मलाही सोबत घेऊन निघाले. "दोन-तीन वर्षाचंच आहे ते," वाटेत म्हणाले. "खोटं वय मोजपट्टीत गेलं तर सारं काम बिघडते. सांगाच लागते." मला ते पटलं. खरं ते तोंडावर सांगावं, हेच तर मी गावोगाव ओरडत होतो.

दारातच चाँदभाईंच्या बायकोनं, जुबेदाभाभींनी अडवलं. आवाज खाली आणून म्हणाल्या, "वो तो मर गया था, सर. मैं वैसाच दूसरा लाई. इनको मत बोलो."

आत चाँदभाई कबुतराला कुरवाळत होते. "खून क्या बोलता, सर? सलीम आए तक टिकेगा?"

सरांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला.

"वय तुमी म्हणता तेवढंच आहे, चाँदभाई. पन रक्त तरन्या पाखरावानी आहे. लई वर्सं जगते हे."

निघताना त्यांनी भाभींकडून सलीमचा नंबर घेतला. रस्त्यावर येताच मी चिडून विचारलं, "पुरावा काय, सर?"

"मोजपट्टीतून काढलं मी ते पाखरू," सर मोबाइलवर नंबर दाबत म्हणाले. "बाकी जगते म्हनलं, ते खरंच आहे नं?"

पलीकडून फोन उचलला गेला.

"सलीम का? मी वानखडे सर, अकोल्याहून. ईदले घरी येऊन राह्यला का नाही, बापू?"