बस्त्यावची कामात असलेली गिटार

आमच्या बिल्डिंगमध्ये कुणाचा पंखा जळाला, मिक्सर बंद पडला किंवा रेडिओ मुका झाला की सगळ्यात आधी भेटायला यायचा तो दुसऱ्या मजल्यावरचा बस्त्याव. चेहरा अगदी मयताला आल्यासारखा. "कदी झालं?" असं हळू आवाजात विचारायचा. मग पंख्यावरून हात फिरवत, "आता ह्याचं काय करनार तुमी?" त्याचा डोळा पंख्याच्या पोटातल्या तांब्याच्या तारेवर आहे हे सगळ्यांना ठाऊक असायचं. लोक पंखा देऊन टाकत. महिन्याभराने तो पंखा बस्त्यावच्या गिटारमधून गायला लागे.

मी तेव्हा परळची खोली सोडून बायको नीता आणि वडील, म्हणजे आबा, यांना घेऊन भाईंदर पश्चिमेला नुकताच आलो होतो. जवळच्याच शाळेत गणित शिकवायचो, म्हणून बस्त्याव मला मास्तर म्हणायचा. तो मूळचा उत्तनकडच्या चौक गावचा. बाप आणि भाऊ मासेमारी करायचे, पण याला बोटीपेक्षा बोटीच्या इंजिनात जास्त रस. शेवटी तो काशीमीऱ्याच्या एका गॅरेजमध्ये ट्रकची वायरिंग करायला लागला. वय पंचेचाळीसच्या पुढे, केस खांद्यापर्यंत, वर काळा टी-शर्ट आणि खाली चौकड्यांची लुंगी. बायको फिलोमिना मस्कतला नर्स होती आणि मुलगी तिच्याजवळच शिकत होती. घरात हा एकटा आणि ती इलेक्ट्रिक गिटार.

ही गिटार कधीकाळी दुकानातून विकत आणली होती म्हणे. मी पाहिली तेव्हा तिच्यात दुकानातलं फारसं काही उरलेलं नव्हतं. आवाज बदलायच्या बटणाच्या जागी ट्रकच्या हेडलाइटचा डिपर स्विच. तारा जिथे टेकतात तिथे आमच्या भाईंदरच्या भांडी कारखान्यातला स्टीलचा जाड पत्रा. गळ्यात अडकवायचा पट्टा म्हणजे गाडीचा सीटबेल्ट, बकलसकट. तारांचा थरथराट पकडणारी कॉइल त्याने फिलोमिनाच्या शिलाई मशीनवर, पंख्याची बारीक तार हजारो वेढे गुंडाळून स्वतः बनवलेली. समोर ज्वाळा रंगवून दे म्हणून त्याने गॅरेजमधल्या ट्रक रंगवणाऱ्या पेंटरला सांगितलं होतं. पेंटरला मोर आणि कमळ एवढंच यायचं. त्याने मोर काढला. बस्त्याव मात्र कुणी विचारलं तर शांतपणे सांगायचा, "ज्वाळाच हायत त्या. जरा पिसं आलीत."

आणि गिटार पूर्ण कधी होणार असं विचारलं की उत्तर ठरलेलं. "अजून कामात हाय."

आबांना तो आवाज मुळीच सहन व्हायचा नाही. परळच्या भजनी मंडळात त्यांनी तीस-पस्तीस वर्षं पेटी वाजवली होती. डोक्यावर, बरोबर त्यांच्या खाटेच्या वर, बस्त्यावचा सराव चालायचा. "पत्र्याच्या डब्यात मांजर अडकलंय," आबा म्हणायचे. एका रविवारी त्यांनी मला तक्रार करायला वर पाठवलं. मी दार वाजवलं. बस्त्यावने दार उघडलं आणि म्हणाला, "बरा आलास मास्तर. जरा बॅटरी धर."

मी बॅटरी धरली. तो फरशीवर पालथा पडून गिटारच्या पोटात डाग देत होता. प्रत्येक डाग दिल्यावर एक तार छेडायचा, मान तिरकी करून ऐकायचा आणि म्हणायचा, "न्हाय. रागावलीय अजून." दीड तासाने मी खाली आलो.

"सांगितलंस का त्याला?" आबांनी विचारलं.

"सांगणार होतो, पण त्याचं सोल्डर गरम होतं."

आबांनी माझ्याकडे असं पाहिलं की जणू मी शाळेत गणिताऐवजी चित्रकला शिकवत होतो.

त्याचं वाजवणं मी नीट ऐकलं ते उत्तनजवळच्या तारोडीला, एका लग्नात. तो मला मुद्दाम घेऊन गेला होता. बँड दुसऱ्यांचा होता. नाचाची गाणी संपून लोक जेवणाकडे वळले की शेवटची पंधरा मिनिटं याला मिळायची. बस्त्याव लुंगीऐवजी जीन्स घालून मंचावर उभा राहिला, सीटबेल्ट लावल्याचा खट्ट आवाज माइकमधून सगळ्या मांडवाला ऐकू गेला आणि लोक हसले. मग त्याने पहिला सूर लावला. तो एका जागी थांबतच नव्हता. खालून वर लांब ओढला जात होता, अगदी माणसाने कुणाला लांबून हाक मारावी तसा. मग डिपर दाबला आणि तोच आवाज असा खवळला की माझ्या हातातली प्लेट थरथरली. मला रॉकमधलं काही कळत नाही. पण जेवायला गेलेली माणसं हातात ताट घेऊन परत आली, एवढं मी डोळ्यांनी पाहिलं.

तेव्हाच त्याचा डावा हात मी जवळून पाहिला. शेवटची दोन बोटं वाकतच नव्हती. करंगळीत त्याने स्टीलची एक नळी घातली होती आणि तीच तारांवरून सरकत होती.

रिक्षातून परतताना त्याने सांगितलं. बारा वर्षांपूर्वी गॅरेजमध्ये जॅक सटकला आणि गिअरबॉक्स हातावर आला. त्याचा बँड होता, चौघांचा. ते दोन महिने थांबले आणि मग त्यांनी दुसरा गिटारवाला घेतला. "त्यांचं बी बरोबर हाय," बस्त्याव म्हणाला. "शो थांबत न्हाय कुनासाठी." वर्षभर गिटार पलंगाखाली पडून होती. मग एक दिवस डिझेलच्या पंपाची नळी कापताना तो तुकडा त्याच्या करंगळीत अडकला. निघेना. त्याने तसंच घरी येऊन गिटार बाहेर काढली. "जे बोट वाकत न्हाय ना मास्तर, त्यालाच कामाला लावलं. आता हात बदलता येत न्हाय तर गिटार बदलायची."

मग मला त्या सगळ्या खटाटोपाचा अर्थ लागला. गळा तासून बारीक केला होता तो आखडलेल्या तळव्यात बसावा म्हणून. तारा वेगळ्या सुरांत लावल्या होत्या त्या एकाच बोटाने सगळ्या दाबता याव्यात म्हणून. डिपर कोपराने मारता यायचा. आम्ही ज्याला विक्षिप्तपणा समजत होतो तो सगळा हिशेबशीर होता. मोर सोडून.

पुढच्या वर्षी आबांना अर्धांगवायूचा झटका आला. जीव वाचला, पण उजवी बाजू गेली आणि बोलणं जड झालं. पेटीवर चादर टाकून नीताने ती कोपऱ्यात सरकवली. एक हात भात्याला आणि एक पट्ट्यांना लागतो. आबांकडे आता एकच होता. त्या दिवसांत वरून गिटारचा आवाज बंद झाला. बस्त्यावने आपण होऊन बंद केला होता.

आठवड्याभराने तो आबांना भेटायला आला. खाटेशेजारी बसला, चादरीखालच्या पेटीकडे बघत राहिला.

"आबा, पेटी वाजवत न्हाय काय?"

आबांनी तोंड भिंतीकडे फिरवलं. मला त्याचा राग आला. पण बस्त्याव उठला नाही. त्याने आपला डावा हात पुढे केला आणि ती दोन ताठ बोटं आबांच्या चांगल्या हातात दिली. "वाकवून बघा," तो म्हणाला. आबांनी मान वळवली. त्यांनी खरंच बोटं वाकवून पाहिली. दोनदा. मग बराच वेळ तो हात तसाच धरून ठेवला.

दुसऱ्या दिवशी बस्त्याव पेटी वर घेऊन गेला. तीन आठवडे गिटारला हात लावला नाही. त्याने पेटीखाली लोखंडी चौकट केली आणि तिला टेम्पोचं क्लच पेडल बसवलं. पायाने दाबलं की केबल ओढली जाऊन भाता मिटायचा, सोडलं की स्प्रिंगने उघडायचा. पहिल्या दिवशी स्प्रिंग इतकी जोरकस होती की पेटीने एकच किंकाळी फोडली आणि समोरच्या खिडकीत माणसं आली. "रागावलीय," बस्त्याव म्हणाला आणि पेटी परत घेऊन गेला. तिसऱ्या खेपेला आबांच्या डाव्या पायाला पेडल जमलं.

पण खरी लढाई पुढेच होती. तीस-पस्तीस वर्षं उजव्या हाताने वाजवलेली पेटी डाव्याने वाजवायची. अंगठा भलत्याच टोकाला. आबा चिडायचे, पट्ट्यांवर मूठ आपटायचे. बस्त्याव म्हणायचा, "टाइम हाय आबा. मला कुठं जायचंय?"

दर रविवारी चर्चमधून तो थेट आमच्याकडे यायचा. आधी नुसता बसायचा. पावसाळ्यानंतर एकदा आबांनीच खुणेने वर बोट दाखवलं. गिटार खाली आली. आबा अडखळत भजनाची एक ओळ वाजवायचे, आणि बस्त्याव आवाज अगदी बारीक करून करंगळीची नळी त्या ओळीमागून सरकवत न्यायचा. आबा चुकले तर तोही तिथेच चुकायचा. नीता स्वयंपाकघरात हातातलं काम थांबवून उभी राहायची. एका रविवारी वाजवून झाल्यावर बस्त्याव कपाळ पुसत म्हणाला, "कुनाबरोबर बसून वाजवलं न्हवतं मी. लई वर्सं झाली." हे तो मला म्हणाला, पण बघत आबांकडे होता.

असे रविवार दोन वर्षं चालले. मग एका सकाळी आबा झोपेतच गेले.

तेरावं झाल्यावरच्या रविवारी दाराची बेल वाजली. बस्त्याव उभा होता, अंगावर चर्चचा पांढरा शर्ट, हातात तेलाची छोटी कुपी. गिटार नव्हती.

"पेडलला तेल घालायला आलो," तो म्हणाला. "न्हाय तर गंजतं. खारी हवा हाय."

मी त्याला आत घेतलं. त्याने चादर काढून घडी करून ठेवली, खाली बसून प्रत्येक सांध्यात एकेक थेंब सोडला, बोटाने पुसला. मग खुर्चीवर बसून पाय पेडलवर ठेवला. भाता उघडला, मिटला. नुसती हवा गेली.

"मास्तर," तो म्हणाला, "जरा ‘सा’च्या पट्टीवर बोट ठेवशील काय?"

मला पेटी येत नाही. कुठला सा, तेही त्यानेच दाखवलं. मी पट्टी दाबली आणि सूर खोलीभर पसरला. बस्त्याव खाली मान घालून पाय हलवत राहिला. थोड्या वेळाने मी बोट उचलायला गेलो.

"राहू दे," तो म्हणाला. "अजून थोडा वेळ राहू दे."