शेवटची दहा मिनिटं

परीक्षेला तासभर उरला असताना बाबांनी लेकीच्या खोलीतलं घड्याळ उतरवलं, कॅलेंडर उतरवलं आणि नियमांच्या कागदावर बोट ठेवून म्हणाले, "आरसाही नको."

"बाबा, आरशाचं त्यात काही लिहिलेलं नाही."

"आरशात मागचं दिसतं. तीस वर्षं पर्यवेक्षण केलंय मी. मला शिकवू नकोस."

आरसा गेला. मुळात घरी बसून, लॅपटॉपसमोर परीक्षा द्यायची ही कल्पनाच बाबांच्या पचनी पडली नव्हती. परीक्षा म्हणजे बाक हवा, घंटा हवी, रांगांमधून फिरणारा माणूस हवा. तो माणूस तीस वर्षं ते स्वतः होते. विद्यार्थी त्यांना 'ससाणा' म्हणत आणि बाबांना ते मनातून आवडे. निवृत्तीला दोन वर्षं झाली होती, तरी जेवताना कोणी दुसऱ्याच्या ताटात डोकावलं की त्यांची मान झटकन वळायची.

लेक सहा वर्षं एका वकिलाकडे टायपिंग करत होती. त्याची चुकलेली कलमं ती गुपचूप दुरुस्त करायची आणि पकडली गेली की बोलणी खायची. "तुम्ही फक्त टाइप करा," हे ऐकून तिचे कान किटले होते. तिला आता स्वतः कोर्टात उभं राहून बोलायचं होतं. त्यासाठी कायद्याच्या कॉलेजची ही प्रवेश परीक्षा होती. गेल्या वर्षी ती केंद्रावर जाऊन बसली, तर दोन पर्यवेक्षक तिच्या मागे उभे राहून दोन तास पेन्शनवर बोलत राहिले. चार गुणांनी प्रवेश हुकला. म्हणून यंदा तिने घरून परीक्षा द्यायचं ठरवलं.

"खोलीत दुसरं कोणी दिसलं की परीक्षा रद्द," तिने दोघांना बजावलं. "बाहेरून आवाज आला तर ताकीद. दोनच ताकिदी मिळतात."

"यांना कोंडून ठेवू का?" आईने विचारलं.

"मला? मला नियम सांगता?" बाबा दुखावले आणि बूट घालायला गेले. परीक्षेच्या दिवशी ते घरातही बूट घालणार होते.

परीक्षा सुरू झाली. पडद्याच्या कोपऱ्यात कुठल्याशा शहरातली एक तरुण निरीक्षक होती. तिने लेकीला लॅपटॉप फिरवायला लावून भिंती बघितल्या, पलंगाखाली बघितलं. दाराला कान लावून उभ्या असलेल्या बाबांनी समाधानाने मान हलवली. पण वीस मिनिटांनी त्यांना राहवेना. हात पाठीमागे बांधून ते पॅसेजमध्ये फेऱ्या मारू लागले. टोकाला जायचं, वळायचं, परत यायचं.

"बाहेर कोण चालतंय?" लॅपटॉपने विचारलं.

"माझे वडील."

"ही पहिली ताकीद."

मग स्वयंपाकघरात आईच्या हातून झाकण पडलं. ते लॅपटॉपला ऐकू गेलं नसतं. पण बाबा कडाडले, "शांतता! परीक्षा चालू आहे!" हा आवाज एकेकाळी हॉलच्या शेवटच्या बाकापर्यंत पोचत असे. दुसरी ताकीद मिळाली.

तरी लेकीचा पेपर छान चालला होता. सहाच प्रश्न उरले होते आणि सहाही तिला येत होते. बाहेर बाबांनी मनगटावरच्या घड्याळात बघितलं. आईने त्यांची बाही धरली. "अहो, बसा." ते बसले. खरंच बसले, हात मांडीखाली दाबून बसले. पण दहा मिनिटं उरली आणि त्यांचे पाय आपोआप उठले. दार उघडलं.

"शेवटची दहा मिनिटं! आसनक्रमांक तपासून घ्या!"

लेकीने वळून बघितलं नाही. आपण बघितलं नाही तर ते तिथे नसतीलच, अशी तिला वेडी आशा वाटली. पण बाबांची नजर आता पडद्यावर गेली होती.

"हे काय? ड्युटीवर बिस्किट खाताय?"

"तुम्ही कोण? आत कसे आलात?"

"मला येऊन अर्धं मिनिट झालं, बाई. तुम्ही आत्ता विचारताय?"

पडदा पांढरा झाला. परीक्षा रद्द.

लेक रडली नाही. "सहा वर्षं, बाबा," एवढंच म्हणाली. बाबांचा चेहरा उतरला. त्यांना माफी मागता येत नव्हती, अहवाल लिहिता येत होता. त्यांनी गैरप्रकाराचा अहवाल लिहायला घेतला, तीन प्रतींत. उमेदवार निर्दोष. दोषी बाहेरची व्यक्ती, म्हणजे खाली सही करणारा. शिवाय निरीक्षक बाईंच्या नजरेतून काय काय सुटलं, त्याची दोन पानं.

"इथे सही कर," ते लेकीला म्हणाले.

"माझी कशाला?"

"उमेदवाराची लागते."

तीन आठवड्यांनी परीक्षा मंडळाची दोन पत्रं आली. लेकीचं दोन ओळींचं होतं. निर्णय कायम, मात्र पुढच्या वर्षी केंद्रावर येऊन परीक्षा देता येईल. तिचा जीव भांड्यात पडला. केंद्र तर केंद्र, पेन्शनच्या गप्पा तर गप्पा. ती कानात कापूस घालून बसणार होती.

बाबांचं पत्र मोठं होतं. त्यांच्या अहवालाने मंडळ थक्क झालं होतं. घरून परीक्षा देणाऱ्यांवर लक्ष ठेवायला अशीच नजर हवी होती. बाबांना निरीक्षक नेमलं होतं आणि सोबत बारा पानांचा करार होता.

बाबांनी पत्र उभ्याउभ्या तीनदा वाचलं. दोन वर्षांत त्यांचा चेहरा असा खुलला नव्हता. लेकीला ते बघून बरं वाटलं आणि बरं वाटल्याचा रागही आला.

"करार तू वाच," बाबा म्हणाले. "तुला कायद्यातलं कळतं."

हे तिला आजवर कोणी म्हटलं नव्हतं. तिने मन लावून वाचलं आणि नवव्या कलमाशी थांबली. मग मोठ्याने वाचलं, "निरीक्षकाच्या मुलांना आणि भावंडांना, करार असेपर्यंत, ही परीक्षा घरून किंवा केंद्रावर देता येणार नाही."

"करार किती वर्षांचा?" आईने विचारलं.

"पाच."

बाबांनी करार हातात घेऊन नववं कलम स्वतः दोनदा वाचलं.

"कलम योग्य आहे," शेवटी ते म्हणाले. "मी असतो तर मीही घातलं असतं." मग लेकीकडे न बघता त्यांनी हात पुढे केला. "पेन दे."

लेकीने पेन दिलं. सहीची जागा बोटाने दाखवली आणि म्हणाली, "बाबा, प्रत्येक पानावर लागते."