बसून केलेली कानातली

ऑफिसातून दमून आलेला हेडक्लार्क घरातल्या एकुलत्या एका मऊ खुर्चीत धपकन बसला. बसल्याबरोबर काहीतरी चुकलं हे त्याला समजलं, पण दमलेला माणूस समजलेल्या गोष्टीवर लगेच कृती करत नाही. तो तसाच बसून राहिला.

"अहो, उठा," बायको म्हणाली. "पण हळू उठा."

खुर्चीत गुळगुळीत फरशीचा एक तुकडा होता आणि त्यावर पॉलिमर क्लेच्या, म्हणजे कानातली करायच्या मातीच्या, सहा विटकरी चकत्या, थेंबाच्या आकारात कापून ठेवलेल्या. हाताच्या उबेनं क्ले फार मऊ पडली की तिला जरा वारं द्यावं लागतं, आणि घरातला वारा देणारा पंखा त्या खुर्चीच्या डोक्यावरच होता. हेडक्लार्क हळू उठला. दोन चकत्या फरशीवर राहिल्या, चार त्याच्याबरोबर आल्या. त्या त्याच्या आईनं उलथन्यानं सोडवल्या. सोडवता सोडवता तिनं सुनेला सांगितलं की हा लहानपणीही बसायच्या आधी कधी बघायचा नाही, तेव्हा यात नवीन काही नाही.

कानातली करण्याच्या आधी बायकोनं मेणबत्त्या केल्या होत्या आणि त्याच्याही आधी काचेवर रंगकाम. घरातल्या प्रत्येक आरशात अजूनही एक मोर आडवा यायचा, त्यामुळे हेडक्लार्कची दाढी उजव्या गालावर नेहमी थोडी राहायची. कानातली मात्र मनापासून चालली होती. मोठ्या जावेनं त्यातली एक जोडी तोंडभर कौतुक करून नेली, आणि पुढच्या भेटीत ती तिच्या गाडीच्या किल्लीला लटकताना दिसली. त्या दिवसापासून बायकोनं मनाशी ठरवलं होतं की कोणाच्या तरी खऱ्या कानात आपलं कानातलं दिसलंच पाहिजे.

म्हणून तिनं त्या चेपलेल्या चकत्याही टाकल्या नाहीत. ओव्हनमध्ये भाजून काढल्या. हेडक्लार्कची पँट जाड उभ्या रेघांच्या कॉर्डरॉयची होती. त्या सगळ्या रेघा क्लेवर उमटल्या होत्या, आणि एका जोडीवर मागच्या खिशाच्या बटणाची अर्धी कोरही.

ऑफिसच्या वार्षिक जेवणाला बायको नेमकी तीच जोडी घालून गेली. तिथे ऑफिसच्या प्रमुख मॅडम तिच्या कानाशी वाकल्या आणि वाकलेल्याच राहिल्या. मॅडमना कलेतलं कळतं हे ऑफिसात सगळ्यांना माहीत होतं, कारण ते मॅडमनीच सांगितलं होतं.

"या रेषांमध्ये किती वेदना आहे," मॅडम म्हणाल्या.

"हो मॅडम," हेडक्लार्क म्हणाला. "मला ती जाणवली होती."

खोटं तो बोलला नव्हता. फरशी कठीण होती. पण खरं बोलायचं त्याच्या मनातही नव्हतं. सुपरिंटेंडंटची खुर्ची रिकामी झाली होती आणि तिच्यावर दोघांचा डोळा होता: एक हा, आणि दुसरे स्टोअर्समधले एक भरभक्कम गृहस्थ, ज्यांना सगळं ऑफिस प्रेमानं 'कपाट' म्हणायचं. बायकोनं तिथल्या तिथे जोडी उतरवून मॅडमना दिली. कपाट बघत राहिलं. त्याच्या बायकोला शिवणही येत नव्हतं.

इथे गोष्ट संपली असती तर हेडक्लार्क आज सुपरिंटेंडंट असता. पण मॅडमचं डावं कानातलं टॅक्सीत कुठेतरी पडलं. त्यांनी हेडक्लार्कला बोलावून तसंच दुसरं मागितलं, अगदी हुबेहूब. आणि या गोष्टीचा पुढच्या आठवड्यातल्या मुलाखतीशी काही एक संबंध नाही, हे त्यांनी इतकं स्पष्ट सांगितलं की संबंध त्याच्या पक्का लक्षात आला.

बायकोनं कंगवा वापरला, काटा वापरला, आगपेटीतल्या काड्या ओळीनं दाबून बघितल्या. मॅडमनी ते नमुने एका बोटानं परत केले. यात वजन नाही, असं त्यांचं मत पडलं. आता वजन घरात एकाच ठिकाणी होतं. हेडक्लार्कनं कॉर्डरॉयची पँट चढवली, खुर्चीत फरशी ठेवली, आणि बसला.

रेघा फिसकटल्या. पुन्हा बसला. बटण भलतीकडे आलं. बायकोनं उजवीकडे झुका म्हटलं, डावीकडे झुका म्हटलं. शेवटी तिनं त्याचे खांदे धरून त्याला खुर्चीत रोवलं, तसं चकतीचं पापुद्र्यासारखं काहीतरी झालं. आई दारात उभी राहून सगळं बघत होती.

"अरे, तू घाबरत बसतोयस," ती म्हणाली. "त्या दिवशी तू दमून बसला होतास."

निदान बरोबर होतं. मग त्याला दमवायचं ठरलं. तो इमारतीचे सगळे जिने चढला आणि उतरला. तिसऱ्या मजल्यावरच्या शेजाऱ्यांनी दार उघडून काय हरवलं म्हणून विचारलं. त्यानं सांगितलं, कानातलं. शेजारी माणुसकीला जागून बॅटरी घेऊन बरोबर फिरू लागले. वर येऊन तो बसला, तर धाप लागल्यामुळे सगळ्या रेघा दुहेरी उमटल्या.

दुसऱ्या दिवशी ऑफिसात त्याच्या कानावर आलं की मॅडमनी कपाटाच्या कामाची फार तारीफ केली. तो घरी आला, पिशवी टाकली, कोणाशी न बोलता खुर्चीत कोसळला. बायकोनं त्याला न सांगता फरशी आधीच ठेवलेली होती. चकती इतकी सुरेख उमटली की बायकोच्या डोळ्यांत पाणी आलं. त्याच्याही आलं, पण त्याची कारणं वेगळी होती.

मॅडम खूश झाल्या. त्या भरात त्यांनी जाहीर केलं की ही कला सगळ्या स्टाफनं शिकायची. आणि ती हेडक्लार्कच्या बायकोनं ऑफिसच्या हॉलमध्ये येऊन शिकवायची. हेडक्लार्कनं बायकोची विनवणी केली की काहीही होवो, तू कंगवाच सांग. ती कबूल झाली, आणि हॉलमध्ये तिनं इमानेइतबारे कंगवाच सांगितला. मॅडमनी स्वतः कंगवा फिरवून बघितला. मग आपल्या कानाला हात लावून बघितलं.

"हे तुमचं तंत्र नाही," त्या सगळ्यांदेखत म्हणाल्या. "ही जोडी तुम्ही बाजारातून आणलेली दिसते."

बायको नवऱ्याच्या बढतीसाठी पुष्कळ सोसायला तयार होती. पण बाजारातून आणली, हे तिनं जावेकडूनही ऐकून घेतलं नसतं.

"बाजारातून नाही मॅडम," ती म्हणाली. "त्यावर हे बसले होते."

आणि तिनं फरशीपासून उलथन्यापर्यंत सगळं सांगितलं. मॅडमचा हात कानाकडे गेला आणि मध्येच थांबला. आपण इतके दिवस काय लटकवून हिंडलो, हे त्यांच्या चेहऱ्यावर उमटायला लागलं होतं. पण वेदनेबद्दल त्या सगळ्यांसमोर बोलून चुकल्या होत्या. त्यांच्यापुढे दोनच वाटा होत्या: आपलं चुकलं म्हणायचं, किंवा सगळ्यांना बसवायचं. पहिल्या वाटेनं मॅडम उभ्या आयुष्यात गेल्या नव्हत्या.

"मला वाटलंच होतं," त्या म्हणाल्या. "हात खोटं बोलतात. सगळ्यांनी आपापली चकती खुर्चीवर ठेवा."

सगळं ऑफिस बसलं. कॅशियर बसला, टायपिस्ट बाई बसल्या, दारावरचा शिपाईही मान राखण्यापुरता टेकला. हेडक्लार्क जपून बसला, कारण त्याच्या बसण्यावर आता बरंच काही अवलंबून होतं. कपाट मात्र ते नेहमी बसतं तसंच बसलं. खुर्ची कण्हली.

मॅडमनी एकेक चकती उजेडात धरून पाहिली. कपाटाच्या चकतीवर पँटच्या कापडाचा धागा न् धागा, शिवण, खिसा, सगळं एखाद्या नकाशासारखं उतरलं होतं. ती त्यांनी बराच वेळ खाली ठेवली नाही.

"याला म्हणतात ठामपणा," त्या म्हणाल्या. मग हेडक्लार्कच्या चकतीकडे वळल्या. "तुम्ही बसताना फार विचार करता."

मुलाखत रीतसर झाली आणि सुपरिंटेंडंटची खुर्ची कपाटाला मिळाली. हेडक्लार्कनं घरी येऊन ही बातमी उभ्याउभ्याच सांगितली. बायको मऊ खुर्चीकडे एकटक बघत राहिली. आपल्यासाठी ही एवढी खचली, असं वाटून त्याला भरून आलं, आणि तिची समजूत कशी घालावी याची तो मनात जुळवाजुळव करू लागला.

"अहो," ती शेवटी म्हणाली, "त्यांना एकदा घरी बोलवा ना."

"कोणाला?"

"कपाटांना. चहाला. मॅडमच्या तीन मैत्रिणींनी जोड्या सांगून ठेवल्यात, आणि मोठ्या जाऊबाईंचा सकाळीच फोन होता, त्यांनाही एक हवीय. कानात घालायला. तुमच्या बसण्यात आता ते पूर्वीचं राहिलं नाही."

आई आतून म्हणाली, "आणि पाहुण्यांना मऊ खुर्ची दे हो सूनबाई. हा काय, उभा राहील."