गळतीची देखभाल

घरामागे पोहण्याचा तलाव असलेल्या गृहस्थाला समाजात मान असतो. तो तलाव गळत असेल तर मान दुप्पट होतो, कारण मग त्या गृहस्थाकडे तलावही असतो आणि वकीलही.

वजनमापं खात्यातून निवृत्त झालेल्या निरीक्षकसाहेबांना खरं तर मान नको होता. त्यांच्या बायकोचे गुडघे कुरकुरायला लागले होते. डॉक्टर म्हणाले, "गोळ्यांनी पोट बिघडेल आणि गुडघे आहेत तसेच राहतील. रोज छातीएवढ्या पाण्यात चाला. नाहीतर लवकरच खुर्ची धराल, ती कायमची." सार्वजनिक तलाव घरापासून लांब नव्हता. पण फलकावर जी खोली लिहिली होती, त्यापेक्षा तिथलं पाणी चार बोटं कमी भरलं. दुकानदारांच्या तराजूखाली चिकटवलेलं मेण खरवडण्यात ज्याची हयात गेली, त्याच्या लेखी चार बोटं म्हणजे दरोडा. त्या चोराच्या पाण्यात आपली बायको चालणार नाही, असं ठरवून त्यांनी घरामागची बाग काढली आणि तिथे स्वतःचा तलाव खोदायला दिला.

कंत्राटदार गोड बोलायचा. इतका गोड, की तो उठून गेल्यावर खुर्चीला मुंग्या लागाव्यात. "साहेब, तुमच्या घरचं काम म्हणजे माझ्या घरचं काम," तो म्हणाला. त्याच्या घरीही गळतं, हे पुढे कळलं.

तलाव झाला. निळ्या फरश्या बसल्या, पायऱ्यांना चकचकीत कठडा लागला. संध्याकाळी काठोकाठ पाणी भरलं आणि सकाळी बायको नवा पोशाख घालून, कठडा घट्ट धरून आत उतरली. पाणी घोट्याला लागलं.

कंत्राटदाराला बोलावलं. त्याने काठावर उभं राहून तलावाकडे कौतुकाने बघितलं.

"पाणी उडतंय, साहेब. उन्हाचं."

"हिवाळा चालू आहे."

"मग आकसत असेल. थंडीने."

"ती भेग दिसतेय का तुम्हाला? बोट जातंय त्यात."

"साहेब, रागावू नका. आपल्या करारात तलाव बांधून द्यायचं लिहिलंय. तलाव दिसतोय ना? आता त्यात पाण्याने थांबायचं की जायचं, हे पाण्याने ठरवायचं. पाण्याशी माझा काही करार झालेला नाही."

असं उत्तर निरीक्षकांना उभ्या नोकरीत एकाही दुकानदाराने दिलं नव्हतं.

"अहो, त्या कोपऱ्यावरच्या गवंड्याला बोलवा," बायको म्हणाली. "दोन तासांचं काम आहे म्हणतो."

"दोन तासांचंच आहे, म्हणून तर ते ह्यानेच करायला हवं. प्रश्न भेगेचा नाही, तत्त्वाचा आहे."

"बरं. मग रात्री गुडघ्यांना तत्त्व चोळून देता का?"

पण तोवर साहेब वकिलाकडे निघालेही होते.

वकिलाने येऊन आधी तलाव पाहिला, मग निरीक्षकांना पाहिलं, आणि खणत राहिलं तर दोन्हीकडे बरंच खाली जाता येईल, हे त्याच्या अनुभवी नजरेला कळलं. "भेगेला कोणी हात लावायचा नाही," त्याने बजावलं. "ती आपली मुख्य साक्षीदार आहे. साक्षीदाराच्या तोंडाला कोणी सिमेंट फासतं का?"

दावा दाखल झाला. कोर्टाने पहिल्याच तारखेला हुकूम दिला, की निकाल लागेपर्यंत परिस्थिती जैसे थे ठेवावी. आता इथे परिस्थिती म्हणजे गळती. आणि गळती जैसे थे राहायची असेल तर ती गळत राहिली पाहिजे, आणि गळण्यासाठी रोज पाणी ओतलं पाहिजे, हे वकिलाने इतकं सोपं करून सांगितलं की निरीक्षकांना स्वतःला ते सुचलं नाही याची लाज वाटली. त्या दिवसापासून ते रोज सकाळी तलाव भरायचे आणि खात्यातून आठवण म्हणून मिळालेली पितळी मोजपट्टी घेऊन तो रिकामा होताना बघत बसायचे. निवृत्तीनंतर अंथरुणातून उठायला त्यांना पहिल्यांदाच काहीतरी कारण मिळालं होतं. चेहऱ्यावर तुकतुकी आली. लोक म्हणायला लागले, साहेब तरुण दिसायला लागले.

"सकाळी भरलेला असतो तेव्हा घटकाभर मी उतरू का?" बायकोने विचारलं.

"कोर्टाचा प्रश्न आहे. वकिलांना विचारतो."

वकील दचकला. "वहिनी, तुम्ही उतरलात की पाण्याची पातळी वर जाणार. पुराव्यात ढवळाढवळ."

"मी बाहेर आले की जाईल की परत खाली."

"आणि अंगाला लागून जे पाणी बाहेर जाईल, ते? समोरचा वकील म्हणेल, गळती कुठली, बाईच पाणी नेतायत."

बायकोचं अंथरूण वरच्या मजल्यावरून खाली आलं, कारण आता जिना चढवत नव्हता.

मग कोर्टाने पाहणीसाठी कमिशनर पाठवला. तो सकाळी आला तेव्हा तलाव भरलेला होता. पाण्यामुळे भेग दिसत नाही, असा शेरा मारून तो गेला. पुढच्या खेपेला त्याला संध्याकाळी बोलावलं. तलाव रिकामा होता. भेग ठळक दिसत होती, पण पाणीच नसल्यामुळे तिच्यातून काही गळताना आढळलं नाही, असा शेरा पडला. पाणी असताना भेग नाही आणि भेग असताना पाणी नाही, तेव्हा या दोहोंचा आपसात काही संबंध आहे का, हे तपासायला एक तज्ज्ञ नेमावा, अशी त्याने शिफारस केली. तज्ज्ञ नेमला गेला. तो कमिशनरचा मेहुणा होता, पण माणूस सज्जन. त्याने कधी येऊन कोणाला त्रास दिला नाही. तारखांवर तारखा पडत वर्षं गेली.

एवढ्यात शेजारी जागा झाला. इतकी वर्षं गळतीचं पाणी जमिनीखालून त्याच्या परसात जात होतं आणि तिथे गुलाबांचं रान माजलं होतं. त्याने कोर्टात अर्ज टाकला: गळती थांबली तर माझे गुलाब जळतील, वहिवाटीने ती गळती आता माझी झाली आहे, सबब तिच्या मालकाला म्हणजे मला विचारल्याशिवाय ती बुजवू नये. निरीक्षकांचं डोकं फिरलं. वकील मात्र टाळी देत म्हणाला, "साहेब, सोन्याहून पिवळं. गळती आहे, हे आता परका माणूस शपथेवर सांगतोय."

सगळं असं सुरळीत चाललं असताना घात झाला.

वर्षानुवर्षं तलावात पाला पडत होता, धूळ बसत होती, शेवाळ धरत होतं. तो सगळा गाळ हळूहळू भेगेत जाऊन घट्ट बसला. एका सकाळी निरीक्षकांनी पट्टी लावली. दुपारी लावली. संध्याकाळी पट्टीच खोटी निघाली की काय म्हणून तिला उलटसुलट करून पाहिलं. मग आत येऊन, घरातलं कोणी गेल्यावर बोलतात त्या आवाजात म्हणाले, "थांबली."

"कोण थांबली?"

"गळती."

बायको भाजी चिरत होती. तिने सुरी खाली ठेवली, टॉवेल घेतला आणि कोणाला न विचारता तलावात उतरली. हिरवट पाण्यात ती या टोकापासून त्या टोकापर्यंत चालली. परत आली. पुन्हा गेली. आधी दातओठ खात, मग नुसतीच, आणि शेवटी तर गुणगुणत. "अहो, बघा ना, दुखत नाहीये," ती म्हणाली. आठवडाभर ती अशी रोज उतरली, आणि आठव्या दिवशी कठडा न धरता पायऱ्या चढून वर आली. निरीक्षकांनी ते पाहिलं नाही. ती बाहेर आल्यावर पाणी किती खाली गेलं, ते मोजण्यात ते गुंतले होते.

वकिलाने डोक्याला हात लावला. "गळतीच नाही म्हटल्यावर आपला दावा खोटा. इतकी वर्षं कोर्टाची दिशाभूल केली म्हणून आपल्यावरच उलटी केस."

"पण गळत होता हो तो."

"मला माहितीये. आता हे पाण्याला सांगा."

त्याच दुपारी फाटकाशी गाडी थांबली आणि कंत्राटदार उतरला. दाव्यानंतर तो पहिल्यांदाच आला होता. त्याचा चेहरा उतरला होता.

"साहेब, ऐकलं ते खरं?"

निरीक्षकांनी मान हलवली. कंत्राटदार मटकन काठावर बसला.

"मेलो, साहेब. मी बांधलेले बाकीचे सगळे तलावही गळतायत. सगळ्यांना सांगून ठेवलंय, तुमच्या केसचा निकाल लागला की त्याप्रमाणे बघू. ही केस मिटली तर उद्या सगळे माझ्या दारात."

दोघं पाण्याकडे बघत राहिले. पाणी हलत नव्हतं. इतकी वर्षं एकमेकांना लबाड म्हणणारे ते दोघं आता एकाच आजाऱ्याचे नातेवाईक असल्यासारखे दिसत होते.

"तुम्हाला जमेल?" निरीक्षकांनी हळूच विचारलं.

"गळती? साहेब, त्यात तर हात बसलाय आपला."

पंप लावून पाणी उपसलं. कंत्राटदाराने बाह्या सारल्या, स्वतः आत उतरला आणि जुनी भेग जुन्या जागी, जुन्या मापाची, नीट उघडून दिली. वेळेवर आणि सांगितल्याबरहुकूम केलेलं त्याचं हे पहिलं काम. निरीक्षकांनी पट्टी लावून पाहिलं, केसाचाही फरक नव्हता. त्यांना भरून आलं.

बायको टॉवेल घेऊन बाहेर आली तेव्हा एक जण कोरड्या तलावात होता आणि दुसरा वरून त्याला छिन्नी देत होता.

"काय चाललंय?"

"देखभाल," निरीक्षक म्हणाले.

"कशाची?"

कंत्राटदार आतून अदबीने म्हणाला, "वहिनी, एकदा निकाल लागू द्या. मी स्वतः येऊन फुकट बुजवून देतो. माझा शब्द आहे."

बायकोने दोघांकडे पाहिलं. टॉवेलची घडी घातली, आणखी एक घडी घातली, आणि ती आत गेली. जाताना तिने भिंत धरली होती.

सध्या केस झकास चालली आहे. आता सगळी वस्ती त्यात रस घेते. संध्याकाळी बैठकीत माणसं मावत नाहीत. तारीख कधी, न्यायाधीश कसा आहे, शेजाऱ्याच्या गुलाबांचं काय होणार. "साहेब, आता माघार घ्यायची नाही," असं जो तो सांगून जातो. जाताना कोपऱ्यातल्या चाकाच्या खुर्चीकडे वळून म्हणतो, "वहिनी, बसा बसा, उठू नका."

आणि तुम्ही? निकाल काय लागला, हेच विचारायला तोंड उघडलंत ना? या की मग पुढच्या तारखेला. गर्दी असते, पण बाकावर सगळी तुमच्यासारखीच मंडळी, सरकून जागा देतात.